कोरड्या हवेतला कौल

वेळणेश्वर,
ता. १० एप्रिल १९२८

चि. आत्माराम भावजींस दमयंतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पाडव्याचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी काय लिहावं ते कळत नव्हतं आणि कळल्यावर लिहवेना. आता एकदाचं लिहून टाकते. तुमच्या दादांना मधुमेह झाला आहे.

दिवाळीपासून त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या सुटत नव्हता. मी आपली म्हणायची, तांडेल माणूस, सगळा जन्म मचव्यावर खारं वारं खाण्यात गेला, घसा सुकत असेल. मग पोट उतरायला लागलं. शेजारची सोनूबाई म्हणाली, बरं झालं, आता वाकता तरी येईल. पण परड्यात ते लघवीला बसतात तिथे मुंग्यांची रांग लागलेली पाहिली, तेव्हा मला साखरेच्या रोगाचा संशय आला.

शिमग्यात देवीची पालखी नाचवताना अनवाणी टाचेत खडा रुतला होता. ती जखम अजून ओली आहे. शेवटी केरू खलाशाला घेऊन मी त्यांना मचव्यातून रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्या, नाहीतर आज टाच आहे, उद्या पाय कापावा लागेल, परवाचं मी बोलत नाही. ह्यांनी विचारलं, ते औषध कशाचं करतात? डॉक्टर म्हणाले, गुरांच्या पोटातल्या एका ग्रंथीचं. भल्या माणसाला चार शब्द खोटं बोलायला काय झालं होतं? पण नाही. हे उठले, टोपी घातली आणि लंगडत बाहेर पडले.

मचव्यात मी रडले, भांडले, अबोला धरला. ह्यांचं एकच: "गाईचा जीव ह्या अंगात घालू नि त्याच खांद्यावर देवीची पालखी घेऊ? त्यापरीस मेलेला बरा."

भावजी, साखर उतरवणारं औषध शोधायच्या कामावर तुम्ही आहात, असं मागे लिहिलं होतंत. तेव्हा मी ते पत्र नीट वाचलंसुद्धा नाही. आता तोंडपाठ झालं आहे. ज्यात जनावर नाही असं औषध मला हवं. मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होता आणि तुमचं नाक माझ्या पदराने पुसलं जायचं. त्या हक्काने मागते. हा माणूस मला हवा आहे.

तुमची वहिनी


मुंबई,
ता. १९ एप्रिल १९२८

तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचले. दादा आजारी पडू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते.

आधी खरे ते सांगतो. रत्नागिरीच्या डॉक्टरांचे चुकलेले नाही. ती सुई निघून पाच-सहा वर्षे झाली, आणि मरणाच्या दारातली मुले तिने उठून बसलेली आहेत. जमेल तितके दादाचे मन वळवा. पण त्याला मी ओळखतो. त्याने नांगर टाकला की भरती येवो, ओहोटी येवो, तांडेल जागचा हलायचा नाही.

म्हणून आता आमच्याकडचे सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत दोन टेबले आहेत. एकावर झाडपाला: जांभळाच्या बिया, कारली, बेडकीचा म्हणजे गुडमारीचा पाला. त्यांचा अर्क काढून सशांना देतो आणि रक्तातली साखर उतरते का पाहतो. दुसऱ्या टेबलावर जे आहे त्यात ना पान ना प्राणी. कारखान्यात मूळ द्रव्ये एकत्र करून बनवलेली ती गोळी आहे, जर्मनीहून आलेली. ती इथल्या एका इस्पितळात रोग्यांना देऊन बघणे चालू आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना तिच्याबद्दल फार आशा आहे. मलाही आहे.

बेडकी आठवते ना? आपल्या मागच्या कुंपणावर वेल आहे. लहानपणी गणपतीच्या दिवशी दादाने मला तिची पाने चावायला लावली आणि मग मोदक दिला. मोदक वाळूसारखा लागला आणि मी भोकाड पसरले, तेव्हा तुम्हीच त्याला रागे भरला होता. ती वेल आता आम्हाला हवी आहे. पोतेभर पाला दाभोळहून बोटीने पाठवा. दादाला चावायचा असेल तर खुशाल चावू दे, त्याने अपाय होणार नाही.

सोबत निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा पाठवतो. नळीत थोडे निळे औषध घ्या, त्यात दादाच्या लघवीचे आठ थेंब टाका आणि उकळवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा आला तर थोडी, पिवळा आला तर जास्त, आणि जांभ्या चिऱ्याचा रंग आला तर पुष्कळ.

एक नियम मात्र पाळा. तो साहेबांचा आहे. एका वेळी एकच औषध. दोन दिली की गुण कोणाचा आणि अवगुण कोणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आपला
आत्माराम


वेळणेश्वर,
ता. १४ मे १९२८

चि. भावजी, अनेक आशीर्वाद.

पाल्याचं पोतं केरूबरोबर दाभोळला धाडलं आहे. दादांनी लंगडत लंगडत स्वतः वेल उतरवली, आणि देठ काढायचे की ठेवायचे यावरून माझ्याशी भांडलेही. म्हणजे अंगात जोर आहे.

तुमचं निळं औषध मी न्हाणीघराशेजारी मांडलं आहे. सोनूबाईला वाटतं मी काही करणी करते. पहिल्या दिवशी नळी उकळली आणि बघता बघता चिऱ्याचा रंग आला. हे शेजारी बसून पाहत होते. आपल्याच मचव्याला भोक पडलेलं बघावं तसे नळीकडे बघत राहिले. संध्याकाळी मात्र आपणहून म्हणाले, "काढ तो पाला."

तेव्हापासून चहाच्या आधी पाला, जेवणाच्या आधी पाला. पण हे आंब्याचे दिवस! पहिल्याच दिवशी पाला चावून हापूसची फोड तोंडात घातली आणि अंगणात जाऊन थुंकले. "पेंढा हाय ह्यो, पेंढा!" सगळं घर हसलं. गुळाचा चहा म्हणजे चुलीतली राख, आणि सांदणं म्हणजे ओला भुसा. परवा माझ्या हातच्या फणसपोळीला चामडं म्हणाले. बावीस वर्षांच्या संसारात एवढं ऐकून घेतलं नव्हतं. पण पाला सोडत नाहीत. म्हणतात, "साखर जिभेवर मेली, मग रगतात ती काय जगते?"

मलाही ते पटतं. तुम्ही शिकलेले हसाल. टाच अजून तशीच आहे, तरी आज नळीतला रंग मला जरा फिका वाटला. पण माझे डोळे आशेचे आहेत, त्यांच्यावर विसंबू नका.

दमयंती


मुंबई,
ता. २२ जून १९२८

तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

फणसपोळीचे वाचून खूप हसलो. मग पुढचे लिहायला घेतले आणि हसू गेले.

पाल्याचा अर्क आम्ही सशांना दिला. सौम्य दिला, कडक दिला, पुन्हा पुन्हा दिला. बारीक रबरी नळीने थेट पोटात सोडला. रक्तातली साखर तसूभरही खाली आली नाही. साहेबांनी बेडकी यादीतून काढून टाकली. मी वाद घातला, कारण तो पाला आपल्या कुंपणावरचा होता. पण सशाला कुंपण कळत नाही.

वहिनी, रंग फिका वाटला तो बहुधा आशेनेच. माझ्या बोलण्याने तुम्ही पाल्यावर विसंबलात आणि त्यात दोन महिने गेले, याने माझी झोप उडाली आहे. टाचेचे आता थांबून चालणार नाही.

म्हणून साहेबांच्या परवानगीने जर्मन गोळ्यांची बाटली रजिस्टर टपालाने पाठवली आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन दिवस द्यायची, तिसऱ्या दिवशी थांबायचे, मग पुन्हा तसेच. पाला बंद. एका वेळी एकच. गोळ्या पांढऱ्या आहेत, त्यात जनावराचा अंशही नाही, हे दादाला माझी शपथ घालून सांगा. इस्पितळातल्या रोग्यांची साखर तिने उतरलेली मी स्वतः पाहिली आहे.

रंग कळवत राहा. पावसात टपाल रखडते, तरी कळवा.

आत्माराम


वेळणेश्वर,
ता. ३० जुलै १९२८

चि. भावजी, अनेक आशीर्वाद.

पत्र लहान आहे, पण त्यातलं सुख मोठं आहे. नळीतला रंग निळा राहतो! गेल्या आठवड्यात हिरवट होता. आता रोज आकाशासारखा निळा. टाचेवर कोवळी कातडी धरली आहे. तहान पहिल्यासारखी नाही, रात्री उठणं थांबलं. पाऊस धो धो कोसळतो आहे, मचवा शाकारून ठेवला आहे, आणि तुमचे दादा ओटीवर बसून जाळं विणतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. म्हणजे बरे आहेत.

तुमची बाटली पोचली.

अधिक महिना म्हणून आपल्या कमळाला आणि जावयांना बोलावलं होतं. लेकीच्या नवऱ्याला अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून दोन दिवस घरात तळणी चढली होती. एरवी तुमच्या दादांनी जावयाच्या आधी ताट पुसलं असतं. एकाला हात लावला नाही. जावई बिचारे घाबरले, म्हणाले, सासरे रागावले आहेत काय?

लोभ आहेच, तो वाढवा.

दमयंती


मुंबई,
ता. ९ ऑगस्ट १९२८

तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवले. साहेबांना मराठी येत नाही, तरी 'निळा' शब्द त्यांना बरोबर कळला. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केले आणि दादाचे नाव गोळीने बरे झालेल्यांत लिहायला सांगितले. 'कोकणातील तांडेल, वय पन्नास.' दादाला वाचून दाखवा, कॉलर ताठ होईल. सदऱ्याला कॉलर नसली तरी होईल.

वहिनी, मी काय काम करतो हे घरात कोणाला कळत नाही याचे मला वाईट वाटायचे. आज वाटत नाही. ज्या हाताने मला पोहायला शिकवले, त्या हाताच्या उपयोगी मी पडलो. आणखी काय पाहिजे?

पहिली बाटली संपत आली असेल. दुसरी आजच टपालात टाकली आहे.

आत्माराम


तार
ता. २४ ऑगस्ट १९२८

गोळ्या ताबडतोब बंद करा. एकही देऊ नका. पत्र मागाहून. आत्माराम


मुंबई,
ता. २४ ऑगस्ट १९२८

वहिनी,

तार पोचली असेल. पोचली असू दे, देवा.

इस्पितळात ज्यांना गोळी चालू होती त्यांतले काही आधी अन्नावरून उठले, मग वांत्या सुरू झाल्या. परवा त्यांचे डोळे पिवळे झाले. गोळी साखर उतरवते हे खरे, पण उतरवता उतरवता यकृत खाते. एक जण अजून शुद्धीवर नाही. साहेबांनी सगळ्यांची गोळी बंद केली.

दादाचे डोळे उजेडात नेऊन पाहा. पांढऱ्या भागावर पिवळेपणा आहे का? अन्न जाते का? लघवी गडद होते का? त्याने दोन महिने गोळी घेतली आहे. मीच दिली. शपथ घालून दिली.

काहीही दिसले तरी त्याला रत्नागिरीला न्या. मला तार करा. मी निघायच्या तयारीत आहे, पण बोटी बंद आहेत आणि खुष्कीने यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

आत्माराम


वेळणेश्वर,
ता. १ सप्टेंबर १९२८

चि. आत्माराम भावजींस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुमच्या तारेला तार केलीच आहे, 'दादा खुशाल, गोळी घेतलेली नाही' म्हणून. आता सविस्तर वाचा, आणि आधी पाणी प्या.

एकही गोळी ह्यांच्या पोटात गेलेली नाही. दोन्ही बाटल्या जशा आल्या तशा आहेत, वरचं लाखेचं सीलसुद्धा फोडलेलं नाही.

झालं असं. पहिली बाटली आली तेव्हा ह्यांनी बाटली उजेडात धरून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "पांढरी हाय." विलायती साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात असं ऐकल्यापासून घरात साखर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तुमची शपथ सांगितली. म्हणाले, "आत्मा खोटा बोलायचा नाय. पण त्याला तरी कुणी खरा सांगितला काय? देवीला विचारतो."

मग धाकू गुरवाने देवीच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्यांचे कळे लावले. उजवा पडला तर गोळी घ्यायची, डावा पडला तर बाटली समुद्रात. धाकूने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय महाराजा" म्हणालो, आणि बसलो. फुलाच्या पाकळ्या पाषाणाला चिकटल्या त्या चिकटल्याच. उजवीही पडेना, डावीही पडेना. संध्याकाळ झाली. दुसऱ्यांदा लावले, तेच. तिसऱ्यांदाही तेच. धाकू म्हणाला, देवी बोलत नाही तोवर काही करू नये. बाटली देवळात देवीच्या पायाशी राहिली, आणि दुसरी आली तीही तिथेच. कौल नाही म्हणून गोळी सुरू नाही, आणि गोळी सुरू नाही म्हणून पाला बंद नाही. एका वेळी एकच, हा तुमचा नियम तेवढा आम्ही पाळला.

हे तुम्हाला कळवायला माझा हात धजला नाही. कौलाचं नाव काढलं की तुम्ही हसता. शिवाय रंग निळा होता, मी म्हटलं, कशाला दुखवा? मग तुमचं ते आनंदाचं पत्र आलं, हात मिळवल्याचं. ते वाचून मी दोनदा दौत उघडली आणि दोनदा झाकली. तेवढ्यात तार.

तार म्हटलं की गावात एकच अर्थ. शिपाई पाणंदीत दिसला आणि सोनूबाईने आधीच गळा काढला. मला वाटलं, तुमचंच काही झालं. मास्तरांनी वाचून सांगितली तेव्हा मी हसायलाच लागले. हसता हसता रडले. सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. हे मात्र तडक देवळात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

डोळे पाहिले, उन्हात उभं करून. शंखासारखे पांढरे आहेत. भूक विचारूच नका. परवा नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडायला चालत गेले, लंगडत नाहीत. टाच बुजली.

आता एकच कोडं. तुमचा ससा म्हणतो पाल्याने काही होत नाही. गोळी तर घेतलीच नाही. मग रंग निळा केला कोणी?

दमयंती


मुंबई,
ता. १० सप्टेंबर १९२८

तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग नमस्कार, आणि धाकू गुरवालाही एक.

तुमची तार आली तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभा होतो. वाचली आणि तिथेच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. साहेब वरून उतरत होते. त्यांनी कागद पाहिला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. इस्पितळातला तो माणूसही परवा शुद्धीवर आला. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आहे. आता रात्री झोप लागते.

दादाचे नाव मी त्या यादीतून काढून टाकले. आयुष्यात एवढ्या आनंदाने कधी काही खोडले नव्हते.

रागावू नका, पण मी रसायनवाला आहे, गप्प बसवत नाही. आषाढातली हवा एवढी दमट की भिंतीला पाणी सुटते. पाण्याने लावलेली पाकळी वाळल्याशिवाय सुटणार कशी? तुम्ही दिवाळीपर्यंत बसला असता तरी ती पडली नसती. कौल कोरड्या हवेत लावायचा असतो. हे मी हसण्यासाठी लिहीत नाही. त्या चिकटलेल्या पाकळीपुढे मी हात जोडले आहेत, एवढे सांगितले तर पुरे.

आता तुमचे कोडे. तुमची पत्रे पुन्हा काढून वाचली. आंबा थुंकला. गुळाचा चहा सुटला. सांदणे नाहीत, फणसपोळी नाही, अनारशाला हात नाही. मला सांगा, भातही कमी झाला असेल ना? पाल्यानंतर पेजही फिक्कट लागत असेल. म्हणजे चार महिने दादा मासळी, कुळीथ आणि भाजी एवढ्यावरच राहिला. वहिनी, पाला रक्तात काही करत नाही, तो जिभेवर करतो. आम्ही सशाच्या पोटात रबरी नळीने अर्क सोडला. जीभ वाटेत लागलीच नाही! जो माणूस वैद्याचे, डॉक्टरचे, तुमचे ऐकून गोड सोडणार नव्हता, त्याला बेडकीने सोडायला लावले. साहेबांना हे सांगितले तर आधी चिडले, मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. रोग गेला नाही, दबून बसला आहे. कधी तरी पथ्य पुरणार नाही आणि रंग पुन्हा चिऱ्यावर येईल. त्या दिवशी माझ्याकडे ना पान असेल ना गोळी. आम्ही शोधतो आहोत, पण ते केव्हा मिळेल हे मला माहीत नाही. तेव्हा सुईच लागेल. हे दादाला कसे सांगायचे ते मला कळत नाही. आता आनंदात आहे, राहू दे. पण हे ओझे मी तुमच्यापासून लपवू शकत नाही.

आत्माराम


वेळणेश्वर,
ता. ३ फेब्रुवारी १९२९

चि. आत्माराम यास काशीराम तांडेलाचे आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला लिहायला बसवली हाय, शब्द माझे. (बसवली नाही, मी आपणहून बसले. दमयंती.)

तुझी सगळी पत्रां मी वाचून घेतली. भादव्यातला तो लांबलचक कागद हिने माझ्यापासून लपवून तांदळाच्या मडक्यात ठेवला होता. भात कमी खातो म्हणून मी मडक्यात हात घालणार नाय, असा हिला वाटला. मासे मारणाऱ्या गाबताच्या शेजारात वाढलेला माणूस मी, लपवलेली मासळी वासावर काढतो. मास्तराकडनं वाचून घेतला, म्हणजे सुईचं मला तेव्हापासून ठावं हाय. बोललो नाय एवढंच.

संक्रांतीला घात केला. तिळगूळ वाटीत समोर आला, पाला चावायचं इसरलो. (विसरले नाहीत. दोन वाट्या संपवून मग आठवलं.) तीन दिवस नळीत हिरवा रंग. मेल्या, तो रंग बघून मला दर्यात कधी वाटली नाय एवढी भीती वाटली. परत पाला, परत कुळीथ. आता निळा हाय. पण त्या तीन दिवसांत पडून पडून इचार केला. आत्मा सांगतो ते खरा. आज ना उद्या सुई येणार.

मग तू लिवलास तसाच केला. पावसाळा सरलेला, उत्तरेचा वारा, भर दुपारचं ऊन. धाकूला बोलावला. पाषाण फडक्याने कोरडा पुसून घेतला, हात लावून बघितला. आत्म्याला नंतर तोंड उघडायला जागा नको. देवीला इचारला: जिवासाठी गरज पडली आणि ती सुई मी टोचून घेतली, तर माझा खांदा तुझ्या पालखीला चालेल काय? धाकूचं गाऱ्हाणं अर्ध्यावर, आम्ही अजून व्हय महाराजा म्हटला नाय, तोवर उजवी पाकळी टपकन खाली.

उजवी, आत्मा. सगळ्या गावाने बघितली. आता सुईचं भय नाय.

(भावजी, इथे मला माझं एक लिहू द्या. देवळातून परत येताना मी ह्यांना विचारलं, डावी पडली असती तर? हे चालत राहिले. मग म्हणाले, "हवा अजून दमट आसंल म्हणून परत लावला असता." मी पाणंदीत उभी राहिले आणि पोटभर हसले. गेल्या शिमग्यापासून छातीवर धोंडा होता, तो तिथे उतरला.)

अगो, काय लिवलीस ते मला वाचून दाखव. बरा, राहू दे तसाच.

तुझ्या साहेबाला माझा नमस्कार सांग. म्हणावं, पान शोधा, गोळी शोधा, घाई नको, मी थांबलो हाय. सशांना जपा.

शिमगा जवळ आला. विठूचा गुडघा धरलाय, त्यामुळे पालखीला डाव्या अंगाचा एक खांदा कमी पडतो. तू ये.